शंभूतेलाचा गाळ

सावद्याहून रावेरकडे निघालं की रस्त्याला लागून केळी पिकवायची एक जुनी वखार आहे. मालकाने दुसरीकडे यंत्राच्या थंड खोल्या बांधल्या आणि ही ओस पडली. मग तिथे बुटीनाथ महाराज येऊन बसले. तेव्हापासून तिथे केळ्यांऐवजी माणसं पिकतात, आणि केळ्यांपेक्षा लवकर पिकतात.

सोमवारी तर विचारू नका. रिक्षा, टेम्पो, ट्रॅक्टर, सगळं रस्त्याच्या कडेला लागलेलं. भडगावपासून, बऱ्हाणपूरपासून लोक येतात. घरात मिरगीचा रोगी असला की कुणीच धड झोपत नाही. ती सगळी न झोपलेली घरं तिथे रांगेत उभी असतात. त्यांची मी चेष्टा करणार नाही. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, पण माझ्या मते त्याला दम धरायला वेळ नसतो. चेष्टा करायची ती महाराजांची, आणि ती मी पोटभर करणार आहे.

मी पहिल्यांदा गेले त्याच सोमवारी माझ्या डोळ्यांदेखत चमत्कार झाला. भडगावचा अभिमन नावाचा तरणा मुलगा रांगेतच कोसळला. हातपाय ताठ, डोळे वर, तोंडाला फेस. लोक मागे सरले. महाराज गादीवरून सावकाश उठले, आले, आणि त्यांनी मंत्र सुरू केला. मंत्र चांगला लांब होता. त्यात समुद्रमंथन आलं, हलाहल आलं, हिमालयातला बर्फ आला. शेवटी त्यांनी मुलाच्या दातांच्या फटीतून हिरव्या तेलाचे काही थेंब आत सोडले आणि मुलगा सैल पडला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. शेजारी उभ्या सुनंदाबाई मला कोपर मारून म्हणाल्या, "पायलं ना मास्तरीण?"

पाहिलं. मिरगीचा झटका बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपला आपणच थांबतो. महाराजांचा मंत्र त्याहून थोडा लांब होता, एवढाच काय तो चमत्कार. झटका चालू असताना तोंडात काही घालायचं नसतं. माणसाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबलं नाही तर दवाखाना गाठायचा. ते थेंब श्वासनळीत गेले असते तर अभिमन तिथेच संपला असता, आणि लोकांनी म्हटलं असतं की वेळच आली होती त्याची.

सुनंदाबाई म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या, कामिनीच्या सासूबाई. मी जळगावला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, म्हणून मला त्या मास्तरीण म्हणतात, आणि त्यात कौतुक नसतं. त्या दिवशी त्यांच्यासोबत कामिनी होती, तिचा नवरा हेमराज होता, आणि त्याच्या कडेवर माझी भाची मयुरी होती. कडेवर घ्यायचं तिचं वय राहिलेलं नव्हतं. तिच्या डोक्यावर क्रिकेटचं हेल्मेट होतं, कारण ती चालता चालता एकाएकी मान टाकून आदळायची. दिवसात किती वेळा, ते कामिनीने मोजायचं सोडून दिलं होतं.

मयुरीवर जळगावला डॉ. अफिफा उपचार करत होत्या. लहान मुलांच्या मेंदूविकारांच्या डॉक्टर, बोलायला तुटक आणि कामाला चोख. तीन प्रकारच्या गोळ्या चालू होत्या. झटके कमी झाले होते, थांबले नव्हते. मग डॉक्टरांनी एक नवीन गोष्ट सांगितली. गांजाच्या झाडात शेकडो द्रव्यं असतात. त्यातलं कॅनाबिडिऑल नावाचं एक वेगळं काढून, शुद्ध करून त्याचं औषध केलेलं आहे. नशा आणणारं द्रव्य ते नव्हे. मिरगीच्या काही हट्टी प्रकारांत, चालू गोळ्यांच्या जोडीला ते दिलं तर काही मुलांचे झटके निम्म्यावर येतात, काहींचे मुळीच कमी होत नाहीत. यकृत तपासत राहावं लागतं. मयुरीचा प्रकार त्यात बसतो, कागदपत्रं चालू आहेत, आणि तोवर एकही गोळी चुकवायची नाही.

इतकं सगळं डॉक्टर बोलल्या. घरच्यांनी त्यातला एकच शब्द घरी नेला, गांजा.

आणि महाराजांकडे तर गांजाच होता. शंभूतेल म्हणे. त्यांचं बोलणं मुद्दाम ऐकण्यासारखं. आवाज घोगरा, भाषा हिमालयातली, म्हणजे हिंदी. "बच्चा, डॉक्टर की गोली दिमाग को बाँधती है, शंभू की बूटी खोलती है. अमेरिका आज जागी है, हम तो कैलास पर कब से दे रहे हैं." मग समोर बागाईतदार बसलेले बघून ते मराठीवर येत. तुम्ही केळीला ठिबकने खत देता ना? एका टाकीत कालवलं की प्रत्येक झाडाला सारखं पोचतं. तसं हे डोक्याचं ठिबक. माणसं माना डोलवत. ठिबकचं नाव काढलं की आमच्या रावेर तालुक्यात मान आपोआप डोलते.

तेल फुकट होतं, गादीमागच्या कॅनमधून बाटलीत भरून मिळे. दक्षिणेचं मी बोलत नाही, ती देणाऱ्याची खुशी. महाराज दुसरंच काही मागत. तेल हवं तर डॉक्टरच्या गोळ्यांचा त्याग करायचा. गादीपुढे मोठी पितळी परात होती. रोग्याच्या घरच्यांनी तिच्यापुढे बसायचं, पाकिटातली एकेक गोळी अंगठ्याने फोडून परातीत टाकायची आणि प्रत्येक गोळीला शंभो म्हणायचं. रिकामी पाकिटं बाजूच्या पोत्यात. रात्री महाराज ह्या गोळ्या धुनीत जाळतात आणि रोग धुराबरोबर जातो, असं सांगत. वर शपथ, की पुन्हा गोळी घरात आणली तर तेल उलटेल.

मी कामिनीचा हात धरला. ह्या गोळ्या एकदम बंद करणं म्हणजे भरधाव गाडीचा ब्रेक काढून फेकणं, असं तिला सांगितलं. हेमराजला सांगितलं. हा माणूस झाडागणिक खताचे ग्रॅम मोजतो, केळीचं पान तपासायला प्रयोगशाळेत पाठवतो, आणि पोरीच्या तोंडात कुठल्या कॅनमधलं काय जातंय ते विचारत नाही. उत्तर सुनंदाबाईंनी दिलं. "डॉक्टरीणबाई बी गांजाचंच औषिध म्हने, हे बी गांजाचंच. मंग फरक काय राह्यला?"

आणि त्यांनी परातीपुढे बसून मयुरीच्या गोळ्या फोडल्या. फट्, शंभो. फट्, शंभो. मला त्या क्षणी त्या बाईचा इतका संताप आला की मी बाहेर येऊन रस्त्यावर उभी राहिले.

तिथे उभं राहून माझ्या डोक्यात एक साधा प्रश्न आला. जाळायच्याच आहेत, तर फोडून कशाला हव्यात?

पुढच्या तीन आठवड्यांत चमत्कार घरी आला. मयुरीचे झटके थांबले. सुनंदाबाईंनी गल्लीभर सांगितलं. मी जाऊन पाहिलं तर पोरगी दुपारी बाराला झोपलेली, उठवलं तर जीभ जड, चालताना भिंतीचा आधार. माझं नाव तिला पटकन आठवेना. कामिनी म्हणाली, थकवा आहे, रोग निघताना थकवा येतो असं महाराज म्हणाले. मी शंभूतेलाची बाटली उचलून उन्हात धरली. वर हिरवं तेल आणि तळाशी बोटभर पांढुरका गाळ. तेलात भांगेचा, म्हणजे गांजाच्याच झाडाचा, पाला उकळला तर तळाशी पाला बसेल. पांढरं पीठ कुठून बसलं?

आता मला परात समजली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. मिरगीचे रोगी स्वतःच्या हाताने मिरगीची औषधं आणून, सोलून देत होते. महाराज ती दळत होते, भांगेच्या हिरव्या तेलात कालवत होते आणि त्याच लोकांना प्रसाद म्हणून परत देत होते. लोकांना बरं वाटत होतं ते त्यांच्याच गोळ्यांनी. फक्त आता कुणाची गोळी कुणाच्या पोटात आणि किती, ते शंभूलाच ठाऊक.

मी तक्रार केली. नमुना, तपासणी, अहवाल, ह्याला वेळ लागतो, आणि लागायलाच हवा. मी कामिनीच्या घरी मयुरीच्या गोळ्या नव्याने आणून ठेवल्या आणि डॉक्टरांना विचारून आजच सुरू कर म्हणून विनवलं. पुढच्याच सोमवारी सुनंदाबाईंनी त्याही नेऊन परातीत फोडल्या. "पोरगी शांत झाली, आता तुमचं शिकेल डोकं जरा बाजूले ठेवा," असं त्यांनी मला फोनवर ऐकवलं.

त्याच सोमवारी, त्या घरी परतल्यावर, मीही परातीपुढे बसले. ओंजळभर गोळ्या फोडल्या, प्रत्येकीला शंभो म्हटलं. महाराजांनी प्रसन्न होऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला. गोळ्या मिरगीच्या नव्हत्या. बी-कॉम्प्लेक्सच्या होत्या, खाल्ल्या की लघवी पिवळीजर्द होते त्या. ते पिवळं म्हणजे एक जीवनसत्त्व, आणि खोट्या नोटा ओळखायच्या जांभळ्या दिव्याखाली ते पाण्यात काजव्यासारखं चमकतं. माणसाला अपाय नाही आणि गाळात लपत नाही.

मला आणखी एक सोमवार हवा होता. मयुरीला तो मिळाला नाही.

त्या दिवशी तिला नवीन बाटली मिळाली होती. पीठ तेलात विरघळत नाही, खाली बसतं. कॅनच्या वरच्या तेलाची बाटली भरली तर तिच्यात नुसतं तेल. गुरुवारी सकाळी मयुरीला झटका आला आणि थांबला नाही. एक संपतो न संपतो तोच दुसरा. सुनंदाबाईंनी आधी तेल काढलं. हेमराजने त्यांच्या हातातली बाटली हिसकावून घेतली आणि पोरीला गाडीत घातलं. जळगाव येईपर्यंत मयुरी शुद्धीवर आली नव्हती.

डॉ. अफिफा बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात रक्ताचा अहवाल होता. त्या म्हणाल्या, "हिच्या रक्तात मिरगीचं एक जुनं, झोप आणणारं औषध सापडलंय. ते मी हिला कधीच लिहून दिलेलं नाही. कोण देत होतं? किती देत होतं? मला मात्रा कळल्याशिवाय पुढचं औषध जपून द्यावं लागतंय, आणि माझ्याकडे वेळ नाही."

कामिनीने बाटली पुढे केली. डॉक्टरांनी ती हलवली, पाहिली, आणि ती घेऊन त्या आत गेल्या. हेमराज भिंतीला टेकून खाली बसला. तिथूनच तो मला म्हणाला, "अक्का, ठिबकच्या टाकीत न विरघळणारं खत टाकलं तर तळाशी बसतं. हे मले माहीत होतं. रोज पाह्यतो मी."

मयुरी जगली. झटके दुसऱ्या दिवशी आटोक्यात आले. पण शुद्धीवर आल्यावर तिचा डावा हात नीट उचलला जाईना, आणि पाठ असलेले पाढे तिला दोनच्या पुढे येईनात. ते परत येईल का, ह्यावर डॉक्टर म्हणाल्या, बघू.

सोमवारी मी आणि हेमराज वखारीत गेलो. औषध निरीक्षकांना कळवलेलं होतं, ते नमुना घ्यायला साध्या कपड्यांत रांगेत उभे होते. सावद्याचे केळीचे व्यापारी हारुनभाई माझ्या ओळखीचे. त्यांच्या गल्ल्याजवळचा नोटा तपासायचा दिवा मी मागून आणला होता, आणि केळी भरायचा पुठ्ठ्याचा एक मोठा खोका. हारुनभाई स्वतः तो खोका उचलून आले. "बहनजी, तमाशा होणार असेल तर मी बघणारच," म्हणाले.

त्या दिवशीच्या ताज्या तेलाच्या चार-पाच बाटल्या मी लोकांकडूनच मागून घेतल्या. खालचा गाळ काढला, स्वच्छ पाण्यात हलवला, कापडातून गाळला आणि ते पाणी काचेच्या पेल्यात ओतलं. दुसऱ्या पेल्यात मयुरीच्या जुन्या बाटलीतल्या गाळाचं पाणी, तिसऱ्यात नुसतं नळाचं. तिन्ही खोक्यात ठेवले आणि दिवा लावला. मग म्हटलं, या, एकेकाने डोकं घालून बघा.

आमच्या लोकांना रांगेची सवयच. महाराजांची रांग मोडली आणि खोक्याची लागली. माणूस खोक्यात डोकं घाले आणि आतून आवाज येई, अरे! नळाचं पाणी अंधारात होतं, जुन्या बाटलीचं अंधारात होतं, आणि आजच्या तेलाचं पाणी हिरवंपिवळं पेटलेलं होतं. एका आजोबांनी तर खोक्याला हात जोडले. मी त्यांचे हात खाली केले, कारण मला दुसरा देव तयार करायचा नव्हता.

मग सांगितलं. चमकतंय ते जीवनसत्त्व आहे. मागच्या सोमवारी ह्याच परातीत मी स्वतः त्याच्या गोळ्या फोडून टाकल्या, तुमच्यातल्या कितीतरी जणांनी पाहिलं. महाराज म्हणतात, त्या रात्री धुनीत जळाल्या. जळाल्या असतील तर तुमच्या आजच्या बाटलीत कशा आल्या? आणि माझ्या आल्या, तर तुमच्याही आल्याच असणार.

निरीक्षकांनी ओळख सांगितली आणि मागच्या खोलीचं दार उघडायला लावलं. आत हिमालय नव्हता. आत एक मिक्सर होता, त्याच्या भांड्याला पांढरं पीठ चिकटलेलं, आणि कॅनमध्ये गोडेतेल.

महाराज उठले. आता हिंदी कुठल्या कुठे गेली आणि अस्सल धुळ्याकडची बोली बाहेर आली. "मना काय गुन्हा शे? लोके सोता गोया आनी देतस. मी कोनले बलावाले जास नही." माझा काय गुन्हा, लोक स्वतःच गोळ्या आणून देतात, मी कुणाला बोलवायला जात नाही, असा त्यांचा कांगावा.

पुढे कळलं की ह्या कैलासवासीयाचं नाव चुडामण. धुळ्याला देवपूरमध्ये एका औषधाच्या दुकानात तो काउंटरवर होता. कुठल्या गोळीने झटके दबतात ते त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तो बुवा नव्हे, त्याहून वाईट होता. बुवा निदान स्वतःच्या भस्मावर विश्वास ठेवतो. ह्याचा सगळा विश्वास डॉक्टरांच्या गोळ्यांवर होता.

हेमराज माझ्या मागे उभा होता. तो पुढे झाला आणि मला वाटलं, आता हात उगारतो. त्याने फक्त मयुरीचं हेल्मेट परातीत ठेवलं. "हे बी घ्या," म्हणाला. "बठ्ठं घेतलंच शे ना तुम्ही." बठ्ठं म्हणजे सगळं; मुद्दाम त्याच्याच बोलीत बोलला. चुडामणने मान खाली घातली, पण ती लाजेने नव्हे, बाहेर जायची वाट शोधण्यासाठी.

तमाशा संपला असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पेले आवरत होते तेवढ्यात अभिमनचे वडील, निंबा, हळूच जवळ आले. "बाई, ते बुडनं घट्ट तेल आते कोठे भेटी?" तळाचं घट्ट तेल आता कुठे मिळेल? वरचं पातळ नको, गुण तळाच्यात आहे, एवढा धडा त्यांनी घेतला होता.

मला हसू आलं नाही. आधी राग आला, आणि मग त्यांच्या डोळ्यांकडे बघून तोही टिकला नाही. मी त्यांना खाली बसवलं आणि सांगितलं ते इथेही सांगते. तळाशी होतं ते गोळ्यांचं पीठ. तीच गोळी डॉक्टर मोजून, वजन बघून, वय बघून देतो. बहुतेक रोग्यांचे झटके साध्या, जुन्या गोळ्यांनीच आटोक्यात राहतात. ज्यांचे राहत नाहीत त्यांच्यासाठी पुढचे उपाय आहेत, आणि त्यात गांजाच्या झाडातून काढलेलं ते औषधही आहे. ते खोटं नाही. ते शुद्ध असतं, मोजलेलं असतं, कुणाला चालतं आणि कुणाला चालत नाही हे आधी तपासलेलं असतं. झाड तेच म्हणून औषध तेच होत नाही. केळीच्या बागेत उभं राहिलं म्हणून पोट भरत नाही. आणि जो कुणी म्हणेल की चालू गोळी फेका, तो तुमच्या घरातलं माणूस मागतोय असं समजा, मग त्याच्या अंगावर भगवं असो की पांढरा कोट.

काही महिन्यांनी मयुरीचं औषध आलं. चमत्कार झाला नाही. झटके कमी झाले, बरेच कमी झाले, पण थांबले नाहीत. जुन्या गोळ्या चालूच आहेत, यकृताची तपासणी चालू आहे, हेल्मेटही आहे, नवीन घेतलं. डावा हात थोडा उचलला जातो. पाढे पाचापर्यंत आले आहेत. औषध म्हणजे काय ते एवढंच असतं, आणि ते पुष्कळ असतं.

परवा सकाळी मी सावद्याला कामिनीच्या घरी होते. सुनंदाबाई माझ्याशी अजून फार बोलत नाहीत. त्या ओट्यावर बसल्या होत्या, समोर मयुरी, हातात गोळ्यांचं पाकीट. त्यांनी अंगठ्याने एक गोळी फोडली. फट्. सवयीने ओठ हलले, मग त्यांनी ते मिटले आणि गोळी नातीच्या तळहातावर ठेवली. "गिय," म्हणाल्या, आणि ती गिळेपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.